उभी गाडी पडते तेव्हा
(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी आजच्या कार्यक्रमात मी चार शब्द बोलावे अशी इच्छा व्यक्त केली, तेव्हा मी त्यांना स्पष्टच म्हणालो की, साहेब, मी व्याख्याता नाही. मी बँकेतला कारकून. कला शाखेची पदवी घेतली आणि काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो, त्याला आता वीस वर्षे होत आली. मुलांना मार्गदर्शन करायला एखादे प्राध्यापक बोलवा, अधिकारी बोलवा. ते म्हणाले, "मोठ्या माणसांची भाषणे मुले ऐकतातच. तुम्ही तुमच्या अनुभवाचे बोला."

मित्रहो, मोठेपणाचा अनुभव माझ्याजवळ नाही. फजितीचा मात्र एक आहे. तोच आज आपल्यापुढे मांडतो. विषय ऐकून आपण हसाल. विषय असा की, मी माझी नवी कोरी मोटारसायकल उभी करताना पाडली.

हसलात ना? हरकत नाही. मी चालवताना पडलो नाही, कुणी धडक दिली नाही, रस्त्यात खड्डा नव्हता. प्रवास संपला होता, इंजिन बंद झाले होते, मी गाडीवरून उतरलोही होतो आणि गाडी पडली. स्थळ मांडवा.

मांडवा हे नाव महाराष्ट्राबाहेरही पुष्कळांच्या कानावर आहे, ते १९९० सालच्या 'अग्निपथ' चित्रपटामुळे. परंतु पडद्यावरचे मांडवा वेगळे आणि आपले वेगळे. आपले मांडवा म्हणजे अलिबाग तालुक्याचे टोक. धक्क्यावर उभे राहिले की समोर पाणी आणि पाण्यापलीकडे मुंबई. पूर्वी पावसाळा लागला की गेटवे ऑफ इंडियाकडून येणाऱ्या लाँचेस बंद होत आणि आपला मुंबईशी असलेला समुद्रमार्ग मिटून जाई. मग पनवेल, पेण, वडखळ असा शंभर किलोमीटरहून अधिक फेरा घ्यावा लागे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली. त्यानंतर लगेचच टाळेबंदी आली आणि सर्वच थांबले, हा भाग वेगळा. परंतु पुढे ती सेवा रुळली. रो-रो म्हणजे गाडी चालवतच बोटीत चढवायची आणि चालवतच उतरवायची. लाँचेस बंद असतात त्या पावसाळ्यातही ती चालते. तासाभरात माणूस मुंबईहून मांडव्याला उतरतो.

या बोटीने माझी भाची यायची होती. मुंबईला कॉलेजात शिकते. जून महिना, नुकताच पाऊस लागलेला. "मामा, मला न्यायला नवी गाडी घेऊनच ये," असे तिने फोनवर बजावले होते. ती नवी गाडी आमच्या घरात येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते.

या गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. माझे वडील आयुष्यभर पायी चालले. उतारवयात एक सायकल घेतली, तीही जुनी. मोटारसायकलला ते शेवटपर्यंत 'फटफटी' म्हणत. आमच्या घरात शोरूममधून थेट आलेले हे पहिले वाहन. कर्ज काढले, रीतसर हप्ते बांधून घेतले. गाडी आली त्या दिवशी वस्तीतली पोरे टाकीवर हात फिरवून गेली. शेजाऱ्यांना पेढे दिले. सीटवरचे प्लास्टिक मी आठ दिवस काढू दिले नव्हते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात पहिला फ्रिज, पहिला टीव्ही असाच आला असेल. त्यामुळे त्या वस्तूला किमतीपेक्षा अधिक काही चिकटते. ती वस्तू आपली इज्जत होऊन बसते. पुढे जे घडले त्याचे मूळ इथे आहे, म्हणून हे सांगितले.

तर मी मांडव्याला पोहोचलो. बोट यायला वेळ होता. धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत गाड्या लावलेल्या होत्या. जांभा दगडाची खडी, वाळू आणि पावसाने मऊ झालेली जमीन. जागेला थोडा उतार. मी गाडीचे तोंड उताराकडे ठेवले, किल्ली फिरवली, डाव्या पायाने साइड स्टँड ढकलला आणि उतरलो. गाडी न्यूट्रलमध्ये होती. भाचीसाठी आणलेले हेल्मेट आरशाला अडकवावे म्हणून मी हात काढला, तोच गाडी वीतभर पुढे सरकली. सरकताच स्टँड मागे मिटला आणि गाडी माझ्या अंगावर, डाव्या बाजूला कलली. मी दोन्ही हातांनी हँडल धरले. क्षणभर वाटले, धरली. पण ती धरली जात नव्हती, मीच तिच्याबरोबर वाकत होतो. शेवटी हात सुटले. धप्पकन आवाज झाला. हेल्मेट घरंगळत गेले ते एका टेंपोच्या चाकाशी जाऊन थांबले.

मित्रहो, त्यानंतरचा क्षण मला आजही लाज आणतो. मी पहिल्याने काय केले असेल? मी आजूबाजूला पाहिले. कुणी पाहिले का, हे पाहिले. नंतर टाकीकडे पाहिले, ओरखडा किती आला ते. एक कोळीण मावशी मासळीची टोपली खाली ठेवून धावत आली आणि म्हणाली, "पाय नाय ना अडकला, दादा?" माझा पाय अडकला आहे की नाही हे मला ठाऊकच नव्हते! तिने विचारल्यावर मी खाली पाहिले. पाय सुटा होता, पोटरी खरचटली होती. जिचा माझा संबंध नाही, तिला माझ्या पायाची आठवण झाली आणि मला माझ्या टाकीची.

धक्क्यावर काम करणारा एक तरुण आला. त्याने गाडी उचलायला लावली, नीट उभी केली आणि शांतपणे म्हणाला, "काका, उतारावर गियरमध्ये टाकून ठेवायची असते." बँकेत वाहनकर्जाचा अर्ज घेऊन येणाऱ्या तरुण मुलांना "बाबांनो, गाडी जपून चालवा" असा उपदेश मी रोज करतो. त्या दिवशी मला एका तरुणाने शिकवले.

पुढे कुणी म्हणाले, नवी गाडी, दृष्ट लागली, लिंबू-मिरची बांधायला हवी होती. मी म्हटले, लिंबू बांधले असते तरी गाडी न्यूट्रलमध्येच होती. पडण्याला कारण असते आणि कारण कळले तर पुढचे पडणे टळते. म्हणून ते कारण आपण नीट समजून घेऊ. आज इथे पुष्कळ मुले-मुली अशी आहेत की वर्ष-दोन वर्षांत त्यांच्या हातात गाडी येईल. त्यांनी हे लक्षात ठेवावे.

मोटारसायकल सरळ उभी असते तेव्हा तिचे सगळे वजन चाकांमधून जमिनीत जाते. आपण दोन बोटांनी तिला धरू शकतो. ती कलू लागली की वजनाची रेषा चाकांच्या बाहेर पडते आणि जितकी अधिक कलेल तितका तो भार वाढत जातो. साधा हिशेब सांगतो. गाडी १४० किलोची धरा. दहा अंश कलली तर हँडलपाशी साधारण बारा किलोचा भार येतो. तो आपण पेलतो. तीस अंश कलली की तोच भार पस्तीस किलोच्या घरात जातो, तोही आपण वाकलेले असताना. म्हणजे गाडी सावरायची वेळ अगदी सुरुवातीची असते. ती गेली की बळ कामाचे नाही. लोकप्रिय १०० सी.सी.च्या गाड्या एकशेदहा-बारा किलोच्या असतात आणि ज्या बुलेटसारख्या गाड्यांची तुम्हा मुलांना हौस असते, त्या दोनशे किलोच्या जवळ जातात.

मांडव्याच्याच शेजारी सासवणे गाव आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे तिथले. पुण्याला १९२८ साली उभारलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. एवढा ब्राँझचा घोडा आणि त्यावरचा स्वार आज इतकी वर्षे उभा आहे, कारण त्याचा तोल घडवतानाच विचारात घेतलेला आहे. आपल्या दोनचाकी घोड्याचा तोल मात्र दर वेळी उभे करताना आपल्यालाच विचारात घ्यावा लागतो.

आता स्टँडचे पाहा. साइड स्टँड पुढे उघडतो आणि मागे मिटतो. गाडीचे तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकू पाहते आणि सरकली की स्टँड मिटतो. तोंड चढाकडे असेल तर गाडी मागे सरकू पाहते आणि स्टँड अधिकच घट्ट उघडा राहतो. म्हणून उतारावर गाडी चढाकडे तोंड करून लावावी. इंजिन बंद केल्यावर पहिला गियर टाकून ठेवावा, म्हणजे मागचे चाक फिरत नाही. स्टँड शेवटपर्यंत पुढे गेला आहे ना, हे वाकून पाहावे. हँडल डावीकडे वळवून लॉक करावे. जमीन मऊ असेल तर स्टँडखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा घालावा, नाहीतर स्टँड हळूहळू रुततो आणि आपण चहा पीत असताना गाडी आडवी होते. मे महिन्यात डांबर मऊ पडते, तिथेही हेच. सपाट आणि टणक जागा असेल आणि गाडीला मधला स्टँड, ज्याला आपण डबल स्टँड म्हणतो, तो असेल, तर तो उत्तम. आणि सर्वांत महत्त्वाचे, स्टँडवर भार नीट पडला याची खात्री होईपर्यंत हँडलवरचा हात काढू नये.

तरीही गाडी पडलीच तर? कलण्याच्या सुरुवातीला सावरली तर ठीक, नाहीतर तिला सोडून द्यावे आणि पाय बाजूला घ्यावा. लोखंड दुरुस्त होते, घोट्याचे हाड जुळायला महिने लागतात. पडल्यावर आधी किल्ली बंद करावी. पेट्रोल सांडले असेल तर जवळ कुणाला विडी-काडी ओढू देऊ नये. उचलण्यापूर्वी गाडी गियरमध्ये आहे ना हे पाहावे. उजवीकडे पडली असेल तर आधीच साइड स्टँड उघडून ठेवावा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे जात नाही. डावीकडे पडली असेल तर स्टँड खाली दबलेला असतो, तेव्हा उचलल्यावर भरात पलीकडे ढकलणार नाही याची काळजी घ्यावी. पुढे वाकून कंबरेच्या जोरावर उचलू नये. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवावे, गाडीकडे पाठ करून सीटला टेकावे, गुडघे वाकवावेत, एक हात हँडलच्या मुठीला आणि दुसरा मागच्या दांडीला घालून पायांच्या जोरावर लहान पावलांनी मागे रेटत जावे. आणि शक्य असेल तर सरळ दुसऱ्या माणसाला हाक मारावी. हाक मारण्यात कमीपणा नाही.

नव्या इंजेक्शनच्या अनेक गाड्या पडल्यावर स्वतःच इंजिन बंद करतात. किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू केली की त्या सुरू होतात. परंतु सुरू झाली म्हणजे ठीक आहे असे समजू नये. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर, गियरचा पाय, फूटरेस्ट, हँडल सरळ आहे का, कुठे तेल गळते का, हे सर्व पाहून मगच निघावे.

हे पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की टाकीवर बोटभर ओरखडा होता, डावा आरसा फिरला होता, इंडिकेटरला चीर गेली होती आणि क्लचचा लिव्हर वाकला होता. एवढेच नुकसान. माझी गोष्ट इथे संपायला हवी होती. ती संपली नाही, याला जबाबदार गाडी नाही. मी आहे.

बोट आली. भाची हसत हसत आली. गाडीजवळ येताच म्हणाली, "मामा, आरसा असा कसा फिरलाय?" मी म्हणालो, "वाऱ्याने फिरला असेल." ही पहिली थाप. घरी आल्यावर गाडी मी भिंतीकडे डावी बाजू करून लावली. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री म्हणाला, लिव्हर बदलून टाका. नवा लिव्हर काही शेकड्यांत येतो. परंतु तो मागवायला दोन दिवस लागणार होते आणि मला संध्याकाळच्या आत गाडी जशीच्या तशी घरी न्यायची होती. मी म्हणालो, "ठोकून सरळ करून दे." तो म्हणाला, "साहेब, ॲल्युमिनियम आहे, सरळ केला तरी आतून तडा राहतो." मी म्हणालो, "दे करून." त्याने दिला. ओरखड्यावर एक स्टिकर चिकटवला. घरात कुणाला काही कळले नाही. मला हुशारी केल्यासारखे वाटले.

सतराव्या दिवशी माझ्या मुलाने गाडी मागितली. वय अठरा पूर्ण, परवाना नुकताच हातात आलेला. मी दिली. हेल्मेट घाल, सावकाश जा, सर्व सांगितले. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही.

चोंढीच्या नाक्यावर तो उजवीकडे वळण्यासाठी थांबला होता. पहिला गियर, क्लच दाबलेला. समोरून एस.टी. येत होती, ती जाण्याची तो वाट पाहत होता. त्याच वेळी लिव्हर बुडाशी तुटून हातात आला. क्लच सुटला आणि गाडीने पुढे उडी घेतली, थेट एस.टी.च्या वाटेत. चालकाने ब्रेक लावला. किती अंतर राहिले ते मी मुलाला कधी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. मुलगा पडला, गुडघ्याला तीन टाके पडले, कोपर सोलून निघाले. हेल्मेट होते. मित्रहो, केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात रस्ता-अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतली जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरची. असे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. त्या दिवशी मला कळले की आकड्याच्या आत आणि बाहेर यांत एका चालकाच्या पायाचे अंतर असते.

मुलगा घरी आला. टाके घातलेला पाय स्टुलावर ठेवून तो काय म्हणाला ते ऐका. म्हणाला, "बाबा, महिन्याच्या आत नव्या गाडीचा लिव्हर तुटतो म्हणजे काय? माल खराब आहे. तुमची भाषा चांगली आहे. कंपनीला एक कडक अर्ज लिहा."

मी कला शाखेचा पदवीधर. वस्तीतल्या निम्म्या लोकांचे अर्ज मी लिहून दिलेले. मी कागद घेतला. वर उजवीकडे तारीख घातली. खाली 'प्रति' लिहिले. 'विषय' लिहिले. विषयापुढे माझा हात चालेना. मुलगा समोर बसला होता. बायको चहा घेऊन आली होती. भाचीही होती. पाच मिनिटे गेली असतील. शेवटी मी पेन खाली ठेवले आणि म्हणालो, "अर्ज लिहिण्यासारखे काही नाही. गाडी मांडव्याला माझ्या हातून पडली होती."

मला वाटले होते, रागावतील, हसतील. कुणी हसले नाही. बायको एवढेच म्हणाली, "पडली होती हे त्याच दिवशी सांगितले असते, तर आम्ही तुम्हाला काय खाल्ले असते?" मुलगा काही बोलला नाही. त्याचे न बोलणे मला जास्त लागले.

बंधू-भगिनींनो, त्या रात्री मला काउंटरपलीकडची माणसे आठवली. माझ्यासमोर रोज अशी माणसे येतात आणि त्याहून अधिक माणसे अशी असतात की जी यायची थांबतात. समजा, एखाद्याने १ लाख २० हजारांचे वाहनकर्ज दहा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले. हप्ता येतो साधारण ३,८७२ रुपये. एका महिन्यात घरी आजारपण निघते, हप्ता चुकतो. ही झाली उभी गाडी पडल्यासारखी गोष्ट. यात बदमाशी नाही. त्याच आठवड्यात तो माणूस शाखेत आला आणि म्हणाला की साहेब, अडचण आहे, तर काहीतरी मार्ग निघू शकतो. पण तो येत नाही. त्याला लाज वाटते. बँकेच्या समोरचा रस्ता तो टाळतो. फोन उचलत नाही. घरी बायकोला सांगत नाही. तीन हप्ते थकले की रक्कम ११ हजारांच्या वर जाते आणि त्यावर दंड. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकबाकी नव्वद दिवसांपलीकडे गेली की ते खाते अनुत्पादक ठरते. मग नोटीस, जामीनदाराला पत्र आणि पुढच्या कर्जाची वाट अवघड. नव्वद दिवस हा थोडा काळ नाही. त्यांतल्या पहिल्या आठ-दहा दिवसांत जो तोंड उघडतो त्याचे काम सोपे असते. मी पूर्वी अशा माणसांना मनातल्या मनात बेजबाबदार म्हणत असे. आता म्हणत नाही. गाडी भिंतीकडे तोंड करून लावणारा मीही त्यांच्यातलाच.

विम्याचेही थोडे सांगतो, कारण नंतर पुष्कळांनी मला ते विचारले. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. तो दुसऱ्याच्या हानीसाठी. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा, तो घेतला असेल तरच भरपाई मिळते. त्यातही साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी घट धरतात, दुचाकीला पहिले शंभर रुपये आपल्या खिशातून जातात आणि दावा केला की पुढच्या वर्षी मिळणारी वीस टक्क्यांची सूट जाते. ही सूट दावा न करणाऱ्याला वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत मिळते. म्हणून आरसा, इंडिकेटर, लिव्हर अशा किरकोळ नुकसानीचा खर्च आपणच केलेला बहुधा बरा. मोठे नुकसान असेल तर मात्र गाडी दुरुस्तीला देण्याआधी विमा कंपनीला कळवावे आणि घडले तसेच सांगावे. दावा करायचा असो वा नसो, भाग बदलायचा तो बदलायचाच.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आमच्याजवळ गाडी नाही, कर्ज नाही, मग आम्हाला हे कशाला? तुमच्याजवळ गुणपत्रिका आहे. आज ज्यांचा सत्कार होतो आहे, त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. पण या सभागृहात काही मुले अशीही बसली असतील की ज्यांचा एखादा विषय राहिला आहे आणि घरी माहीत नाही. सहामाहीत गणितात कमी पडले, ते लपवले. शिकवणी लावता आली असती, ती लावली नाही, कारण लावायची तर कमी पडले हे सांगावे लागणार. वाकलेला लिव्हर ठोकून सरळ केला. तो वार्षिक परीक्षेत तुटतो. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलावर सगळ्या घराची नजर असते, वस्तीची असते. नव्या गाडीसारखाच तो जपला जातो, मिरवला जातो. त्यामुळे त्याला पडल्याचे सांगणे अधिक जड जाते. हे मला कळते. म्हणूनच पालकांनाही माझी हात जोडून विनंती आहे. मूल पडून घरी आले तर आधी टाकी पाहू नका. त्या मावशीने विचारले तसे विचारा, पाय अडकला नाही ना?

गाडी आजही माझ्याकडे आहे. लिव्हर नवा बसवला, इंडिकेटर बदलला. टाकीवरचा स्टिकर मी काढून टाकला, ओरखडा तसाच ठेवला आहे. कुणी विचारले तर सांगतो, मांडव्याला पडली, न्यूट्रलमध्ये ठेवली होती. ऐकणारा बहुतेक वेळा हसतो आणि मग आपली स्वतःची एखादी गोष्ट सांगतो. मुलगा गाडी चालवतो. निघण्यापूर्वी दोन्ही लिव्हर हलवून पाहतो. मी पाहिले की तो काही बोलत नाही, मीही बोलत नाही.

 

जयभीम!